दारावरची पाटी आणि हिरवा चोथा

मोठ्याबाईंच्या स्वयंपाकघरात कचऱ्याची बादली नव्हती. सिंकखाली बिस्किटांचा एक जुना डबा होता आणि तो भरायला आठवडा लागायचा. रोज सकाळी बाकीच्या घरांच्या बादल्या तुडुंब भरून दाराबाहेर येत, तेव्हा मोठ्याबाई आपला डबा झाकण काढून ठेवत. बघणाऱ्याला तळ दिसला पाहिजे. बटाट्याची सालं त्यांच्याकडे तळली जात, कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग शिजवला जाई, शिळ्या पावाचा चुरा बरणीत जाई आणि अंड्याची टरफलं गॅलरीतल्या गुलाबाला. गुलाब मरून वर्ष झालं होतं, पण टरफलं चालू होती. कुंडी अजून जिवंत आहे, असं मोठ्याबाईंचं म्हणणं होतं.

त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. हे त्या स्वतः चारचौघांत सांगत. दुसऱ्याने सांगितलेलं मात्र त्यांना चालत नसे. आणि तळमजल्यावरच्या हेडबाई ते न सांगता सांगत. हेडबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि आता इमारतीच्या कमिटीच्या सेक्रेटरी. मीटिंगमध्ये एखादा कागद सगळ्यांच्या हातून फिरत फिरत मोठ्याबाईंपर्यंत आला, की हेडबाई मायेने वाकून म्हणत, तुम्ही कशाला डोळे शिणवता, मी वाचून दाखवते, खाली सही तेवढी करा. मोठ्याबाईंना वाचता येत होतं. सावकाश येत होतं, एवढंच. पण सावकाश वाचणाऱ्याला पुरतं वाचू देईल असं माणूस त्यांना अजून भेटायचं होतं.

तर अशात सफाई खात्याने एक योजना काढली. जे घर साठ दिवस ओला कचरा देणार नाही, त्या घराच्या दारावर खातं पितळेची पाटी लावणार. पाटीवर लिहिलेलं असणार, ‘या घरात कचरा होत नाही.’ योजना निघाली आणि इमारतीतली पहिली पाटी हेडबाईंच्या दारावर लागली. त्यांच्या गॅलरीत खताचं पिंप होतं. त्या घरातलं सगळं त्या पिंपात टाकत, वरून माती पसरत आणि अधूनमधून काठीने ढवळत. वारा वर चढला की पिंपात काय काय टाकलंय ते दुसऱ्या मजल्यापर्यंत कळे.

मोठ्याबाई जिन्यातून येता-जाता ती पाटी बघत. लोक कचरा करून तो पिंपात लपवतात आणि त्यांना पाटी मिळते, आणि इथे एक्केचाळीस वर्षं कचराच केला नाही त्याचं काय, हा त्यांचा साधा सवाल होता. पाटी त्यांना पाहिजे होती. दागिने, प्रवास, नवीन फर्निचर यांतलं काही त्यांनी आजवर मागितलं नव्हतं. पण ही पाटी त्यांना पाहिजे होती, आणि घरातल्या तिघांना ते न सांगता कळलं होतं, कारण एका सकाळी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने चार खुणा केलेल्या दिसल्या. स्क्रू कुठे येतील त्याच्या.

घरातले तिघे म्हणजे घड्याळजी, चिरंजीव आणि सूनबाई. घड्याळजी हे मोठ्याबाईंचे यजमान. नाक्यावरचं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली होती, पण दुकानातलं टेबल त्यांनी घरी आणून मागच्या खिडकीशी मांडलं होतं. सकाळपासून ते डोळ्याला भिंग लावून कुणाचं ना कुणाचं घड्याळ उघडून बसलेले असत. बोलणं कमी. दिवसाला साधारण दहा वाक्यं, त्यातली सहा ‘हो’. चिरंजीव विमा कचेरीत होते आणि सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत. बाहेर दोघंही बोलून माणसं गार करत म्हणे. घरी आले की चपलांबरोबर जीभही दाराशी काढून ठेवत.

ओल्या कचऱ्याचे सगळे रस्ते बंद झाले आणि साठातले दहा दिवस सुखरूप पार पडले, तेव्हा चिरंजीव कचेरीतून हिरव्या चहाचा डबा घेऊन आले. बदली होऊन गेलेल्या साहेबांनी टेबल आवरताना दिला होता. चांगला किलोभर. मोठ्याबाईंनी दुसऱ्या दिवशी चहा केला, कपांत ओतला आणि गाळणीत बघतात तो काय, नेहमीच्या चहासारखा काळा भुगा नव्हताच. वळलेली, सुकलेली पत्ती गरम पाण्यात उलगडून अख्खी पानं झाली होती. हिरवी, देठासकट, शिरासुद्धा दिसत होत्या.

‘ही तर भाजी आहे,’ मोठ्याबाई म्हणाल्या.

तिथून सगळं सुरू झालं. काळ्या चहाचा चोथा कुंडीत जाई, त्याला त्यांची ना नव्हती. पण निवडून, धुऊन, शिजून समोर आलेली पालेभाजी कुंडीत टाकायची, हे त्यांच्या हातून होणं नव्हतं. शिवाय कुंडीत आता टरफलांचा थर काठाला आलेला. डब्यात टाकावी तर दहा दिवस पाण्यात जाणार. तिसरा एक रस्ता होता, हेडबाईंचं पिंप. तो सूनबाईंनी सुचवून बघितला. आपलं उष्टंखरकटं घेऊन हेडबाईंच्या दारात उभं राहायचं आणि त्यांनी आपल्यासाठी पिंपाचं झाकण उघडायचं, हे चित्र मोठ्याबाईंच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि त्यांनी सूनबाईंकडे नुसतं बघितलं. सूनबाईंनी कपबश्या विसळायला घेतल्या.

त्या संध्याकाळी चोथ्यात मीठ, तेल आणि बारीक चिरलेला कांदा घालून मोठ्याबाईंनी चार बशांत वाढला. आधी स्वतः खाल्ला. बराच वेळ चावला. मग म्हणाल्या, ‘चांगला लागतो. पोटाला साफ.’ आणि पाणी प्यायल्या.

एकदा त्यांनी चांगलं म्हटलं की ते चांगलं होतं. या घरात पानात टाकायची पद्धत नव्हती. चिरंजीवांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या तोंडी परीक्षेचे भाव होते. सूनबाई डोळे मिटून गिळत होत्या. घड्याळजी एकेक पान उचलून, जणू घड्याळाच्या चाकाचा एखादा दात झिजलाय का बघावं, तसं निरखत होते. पण बशा रिकाम्या झाल्या.

शेजाऱ्यांना कळायला दोन दिवस लागले, आणि मग सल्ल्यांना तोटा उरला नाही. दुसऱ्या मजल्यावरची शिवणकामवाली म्हणाली, पानं लोण्यात परता, सगळं लोण्यात खपतं. समोरचे निवृत्त कॅशियर म्हणाले, चावायचंच नाही, गोळी करून पाण्याबरोबर घ्यायची, दातांचा संबंध येऊ द्यायचा नाही. मोठ्याबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि दोघांना एकेक वाटी पत्ती दिली. प्या, आणि मग खा. टाकलीत तर माझ्याशी गाठ आहे. दोघांनी पत्ती ठेवून घेतली आणि त्यानंतर जिन्यात भेटले की घाईत असत.

मोठ्याबाई रोज नवीन काही करून बघत. अंड्यात घातला, भातात मिसळला, उकडलेल्या बटाट्याच्या पोटात भरला. सूपमध्ये घातला तेव्हा सूपचा रंग तळ्यासारखा झाला आणि चिरंजीवांना अचानक कचेरीत मीटिंग असल्याचं आठवलं. पण आठवड्याभरात एक गोष्ट मोठ्याबाईंच्या लक्षात आली आणि त्यांचा ऊर भरून आला. पहिले दिवस जे चोथा चिवडत बसायचे, तेच आता फटाफट संपवत होते. त्या भाताचं पातेलं आणायला शेगडीकडे वळत आणि परत फिरून बघतात तर तिघांच्या बशा चकाचक. हाताला चव आहे आपल्या, त्या मनाशी म्हणाल्या. नाहीतर वाळल्या पाल्याला कोण विचारतं.

विसाव्या दिवशी मोठ्याबाई फॉर्म आणायला सफाई खात्यात गेल्या. तिथला कारकून मुलगा भला होता, पण त्याच्यासमोर छापील फॉर्म होता आणि फॉर्मापुढे त्याचं काही चालत नव्हतं. ओल्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावता, याला तीन चौकोन होते: खत, जनावरांना, इतर.

मोठ्याबाई म्हणाल्या, खातो.

कारकुनाने लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि कोण खातं असं विचारलं. आम्ही, असं कळल्यावर ‘जनावरांना’ या चौकोनावर गेलेलं पेन त्याने मागे घेतलं, ते मोठ्याबाईंनी पाहिलं आणि पुढे कित्येक दिवस विसरल्या नाहीत. शेवटी त्याने ‘इतर’वर खूण केली. इतर म्हटलं की पुरावा लागतो. पदार्थ खाण्याजोगा आहे असा दाखला आणा.

दाखल्यासाठी त्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरने पानं बघायच्या आधी मोठ्याबाईंची जीभ बघितली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि चार ओळींचा दाखला दिला की सदर महिला ठणठणीत असून भूक उत्तम आहे. कारकून म्हणाला, हा तुमचा दाखला झाला, चोथ्याचा नाही. मग त्या चहाच्या व्यापाऱ्याकडे गेल्या. व्यापारी हात जोडून म्हणाला, बाई, चहा हा पिण्याचा माल आहे. मी तो खाण्याचा म्हणून लिहून दिला तर उद्या माझ्या दुकानाचा परवाना बदलायला लागेल, आणि परवान्याच्या कचेरीत गेलेला माझा भाऊ अजून रांगेत आहे. परत कारकून. त्याने वरच्या साहेबांना विचारलं, वरच्यांनी आणखी वरच्यांना, आणि तोडगा निघाला: प्रत्यक्ष पाहणी. साठाव्या दिवशी कारकून घरी येणार, कमिटीच्या सेक्रेटरी साक्षीला, आणि कुटुंबातल्या सर्व सदस्यांनी त्यांच्यासमोर चोथा खायचा. सर्वांनी खाल्ला की शिक्का, शिक्का बसला की पाटी.

सेक्रेटरी म्हणजे हेडबाई. हेडबाईंच्या डोळ्यांदेखत पाटी मिळणार म्हटल्यावर मोठ्याबाई खात्याच्या पायऱ्या उतरल्या त्या जरा छाती काढूनच. घरी येऊन त्यांनी बातमी सांगितली. चिरंजीव आणि सूनबाईंनी एकदमच घड्याळजींकडे बघितलं. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं.

चाळिसाव्या दिवशी हेडबाईंची मोरी तुंबली. सकाळी सकाळी पाणी उलटं चढून त्यांच्या खोलीत शिरलं आणि मुख्याध्यापिका म्हणून मिळालेली जाजमाची भेट पार भिजली. प्लंबर आला. त्याने मागच्या भिंतीलगतचं चेंबर उघडलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि काळपट हिरवा लगदा बाहेर काढायला लागला. दोन बादल्या निघाल्या. इमारत गॅलरीत जमली. प्लंबर म्हणाला, पाला आहे, चहाचा वाटतो, आणि कागदाचा लगदा आहे.

सगळ्यांनी वर, पहिल्या मजल्याकडे बघितलं. मोठ्याबाई याच क्षणासाठी जन्मल्यासारख्या कठड्यावर ओणवल्या. आमच्या घरचा चोथा आमच्या पोटात आहे, त्यांनी वरूनच सांगितलं, कुणाला बघायचं असेल त्याने पोट फाडून बघावं. मी विश्वासाने घरोघर पत्ती वाटली, आणि ज्याला चार पानं गिळायची धमक नाही त्याने ती मागच्या खिडकीतून फेकली. गिळत नव्हती तर तोंडावर सांगायचं होतं. तोंडावर सांगायला हिंमत लागते. असल्या भेकडाला घरचे लोक जेवायला कसे वाढतात, मला तर हेच कळत नाही.

कॅशियर घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शिवणकामवालीने लोण्याची शपथ घेतली. मागच्या खिडकीशी घड्याळजी घड्याळ उघडून बसले होते, आणि त्या दिवशी त्यांच्या हातून एक स्प्रिंग उडाली ती संध्याकाळपर्यंत सापडली नाही.

साठावा दिवस उजाडला. मोठ्याबाईंनी टेबलावर पांढरा कपडा घातला, चार बशा मांडल्या, चहा केला, चोथा नुसता ठेवला. मीठ नाही, कांदा नाही. पाहणी म्हणजे पाहणी. कारकून फॉर्म आणि शिक्का घेऊन आला. पाटीसुद्धा आणली होती त्याने, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मोठ्याबाईंनी तिच्याकडे न बघता तिला टेबलावर जागा करून दिली. मग हेडबाई आल्या. त्यांच्या हातात एक ताटली होती, वर रुमाल.

आधी एक लहानशी गोष्ट आहे, हेडबाई म्हणाल्या. जाजम वाळत घालायला त्या मागच्या बाजूला गेल्या होत्या, तर मोरीच्या वरच्या छज्ज्यावर हे अडकलेलं सापडलं. कारकुनाने बघून घ्यावं, सफाईचा प्रश्न आहे. त्यांनी रुमाल काढला.

ताटलीत अकरा पुड्या होत्या. उन्हाने वाळून कडक झालेल्या, पण जशाच्या तशा. कारकुनाने एक उघडली. आत सुकलेला हिरवा चोथा.

मोठ्याबाई त्या पुडीकडे बघत राहिल्या. तीन बोटं रुंदीचा कागद, कात्रीने कापलेला, फाडलेला नव्हे. दोन घड्या आडव्या, एक उभी, आणि डावीकडचा कोपरा आत खोचलेला, असा की पुडी उलटी केली तरी आतला बारीक स्क्रू पडू नये. ही घडी त्या एक्केचाळीस वर्षं बघत होत्या. घड्याळांचे स्क्रू, काटे, चकत्या, सगळं या घडीत बांधलं जाई. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता, दोघांना बोलायची अजून सवय नव्हती, तेव्हा त्यांच्या कानातल्याची फिरकी मोरीत वाहून गेली होती. सासूला कसं सांगावं म्हणून दोन दिवस त्या कान झाकून वावरल्या. तिसऱ्या दिवशी उशीवर एक पुडी होती. आत पितळेची नवी फिरकी, हाताने कानस मारून केलेली. ती पुडी अजून त्यांच्या पेटीत आहे. डावीकडचा कोपरा आत खोचलेला.

चिरंजीव छताकडे बघत होते. सूनबाई जमिनीकडे. घड्याळजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. ते हात केसभर रुंदीतलं काम बिनचूक करत, पण भिंतीपलीकडच्या पडीक जागेत पुडी भिरकावायची म्हटलं तर त्यांना ती सवय नव्हती. अर्ध्या चेंबरच्या फुटक्या झाकणातून आत पडल्या, अर्ध्या छज्ज्यावर. आता मोठ्याबाईंना ते सगळं दिसलं: पातेलं आणायला आपण शेगडीकडे वळत होतो, तेवढ्यात तीन बशा यांच्या रुमालात उतरत होत्या.

कारकुनाने विचारलं, ‘ह्या पुड्या कुणाच्या?’

उत्तर हेडबाईंनीच दिलं. मोठ्याबाईंच्या नसणार, त्या म्हणाल्या, एवढं मी लिहून देते. त्या एक वेळ मला शिव्या देतील, पण खोटं बोलणार नाहीत. दुसऱ्या मजल्यावर चौकशी करा.

कारकून म्हणाला ठीक, आणि त्याने शिक्का शाईच्या गादीवर दाबला.

हेडबाईंनी टोमणा मारला असता तर मोठ्याबाईंचं काम सोपं झालं असतं. टोमण्याला उत्तर त्यांच्याकडे कायम तयार असे. पण हेडबाई खरंच बोलत होत्या. आणि पाटी समोर होती, वर्तमानपत्राचा एक कोपरा सुटून पितळ चमकत होतं. गप्प राहिलं की झालं. दुसऱ्या मजल्यावर शिवणकामवाली लोण्याची शपथ घेत बसेल, महिन्याभरात सगळे विसरतील.

‘थांब,’ मोठ्याबाई कारकुनाला म्हणाल्या. ‘त्या आमच्याच आहेत. घडी आमच्या घरची आहे.’

शिक्का हवेत राहिला. मग टाकल्या कुणी, असं त्याने विचारलं, कारण फॉर्मात तशी ओळ होती.

मोठ्याबाईंनी घड्याळजींच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं. नवऱ्याला वाचवायचं होतं असं म्हणणं सोपं आहे, पण खरं ते खरं सांगायला पाहिजे. आपण रांधलेलं घरच्यांना गिळवत नाही, हे हेडबाईंसमोर कागदावर जाण्यापेक्षा चोरी आपल्या नावावर गेलेली त्यांना परवडत होती.

‘मी,’ त्या म्हणाल्या.

‘नाही,’ घड्याळजी म्हणाले.

एक्केचाळीस वर्षांत हा शब्द त्या घरात त्या आवाजात कुणी ऐकला नव्हता. चिरंजीवांनी छतावरची नजर खाली आणली.

‘मी टाकल्या,’ घड्याळजी म्हणाले. ‘तिघांच्या मिळून. हिचा त्यात काही हात नाही. खाववत नाही, साहेब. मी रोज प्रयत्न केला. खाववत नाही.’

दिवसाची अर्धी वाक्यं त्यांनी एका दमात संपवली. मोठ्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. आपण कठड्यावरून ओणवून जे जे बोललो होतो, ते सगळं हा माणूस पाठीमागे चार हातांवर बसून ऐकत होता, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

‘मला सांगायचं नाही होय हो?’ त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

‘तुला आवडत होतं,’ घड्याळजी म्हणाले. ‘आणि पाटी पाहिजे होती.’

कारकुनाने शिक्का पुसला आणि डबीत ठेवला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण अपात्रतेचं कारण लिहायची ओळ रिकामी ठेवता येत नव्हती. त्याने ते लिहिलं आणि फॉर्म मोठ्याबाईंपुढे सरकवला. सही पाहिजे होती.

सवयीने हेडबाई वाकल्या. तोंड उघडलं. मग त्यांनी मोठ्याबाईंकडे बघितलं, तोंड मिटलं आणि त्या ताठ बसल्या.

मोठ्याबाईंनी फॉर्म वाचला. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, एकेक शब्द. घड्याळजींच्या टेबलावर सात-आठ घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवत टिकटिकत होती. कारकुनाने एकदा मनगट बघितलं आणि हेडबाईंनी त्याच्याकडे शाळेतल्या नजरेने बघितलं, तेव्हा त्याने बाही खाली ओढली. शेवटची ओळ अशी होती: ‘सदर कुटुंबातील तीन सदस्य चोथा खात नाहीत.’

‘चूक आहे,’ मोठ्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कारकुनाचं पेन घेतलं. ‘तीन’ खोडून त्यांनी ‘चार’ लिहिलं. मग सही केली.

तिघांची तोंडं त्यांच्याकडे वळली. ‘बघता काय,’ त्या म्हणाल्या. ‘कडू असतो. पहिल्या दिवसापासून कडू आहे. एकदा चांगला म्हटला होता मी, मग काय करणार.’

पाटी परत वर्तमानपत्रात गेली आणि कारकुनाबरोबर जिना उतरली. चिरंजीवांना हसू आलं होतं, पण आईचा चेहरा बघून त्यांनी ते खोकल्यात घातलं. मोठ्याबाई दुसऱ्या मजल्यावर जाऊन शिवणकामवालीला आणि समोर जाऊन कॅशियरना काय म्हणाल्या ते कुणी ऐकलं नाही. दोन्ही दारांत त्या अर्धं मिनिटसुद्धा थांबल्या नाहीत, आणि दोन्हीकडून परत येताना त्यांच्या हातात त्यांनीच दिलेली पत्तीची वाटी होती. दोन्ही वाट्या भरलेल्या. एकीतूनही चमचाभरसुद्धा कमी झाली नव्हती. त्याबद्दल मात्र त्या जे बोलल्या ते सगळ्या घराने ऐकलं.

डब्यात आणि वाट्यांत मिळून अजून अर्धा किलो पत्ती होती, आणि ती टाकायचा प्रश्न नव्हता. संध्याकाळी चहा झाला. मोठ्याबाईंनी गाळणी ताटलीत उलटी केली. हिरवी, देठासकट, शिरा दिसणारी पानं. त्या थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग ताटली घेऊन मागच्या खिडकीशी गेल्या आणि घड्याळजींच्या टेबलावर ठेवली.

‘बांधा,’ त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी भिंग वर केलं. कागद काढला, कात्रीने तीन बोटं कापला. मग मोठ्याबाईंकडे बघून जरा मोठा कापला. दोन घड्या आडव्या, एक उभी, डावीकडचा कोपरा आत.

मोठ्याबाईंनी पुडी उलटी करून बघितली. काही पडलं नाही. जिन्याशी जाऊन त्या थांबल्या, केस सारखे केले आणि सूनबाईंना सांगितलं की कुणी विचारलं तर हेडबाईंचं पिंप नीट ढवळलं जात नाही, ते बघायला गेल्यात म्हणावं.